टायमरच्या टेबलावरच्या वासंतीवहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत आखनमध्ये बसने युनिव्हर्सिटीत निघालो होतो. "वासंती गेली रे," एवढंच तो म्हणाला. आजार आठ महिन्यांचा होता, मनाची तयारी होती, तरी मी उतरायचा स्टॉप चुकलो. त्याला आता सहा आठवडे झाले. वहिनी माणूस म्हणून काय होत्या, हे सांगायला मला आइस हॉकीबद्दलच लिहावं लागणार आहे.

दादा झिंडेलफिंगेनच्या कार कारखान्यात इंजिनिअर. त्याची मुलगी ऋचा सात वर्षांची असताना एका मैत्रिणीबरोबर आइसहॉलमध्ये गेली आणि तिथेच रमली. मुलींची वेगळी टीम नव्हती, म्हणून मुलांच्याच टीममध्ये खेळायची. सप्टेंबर ते मार्च शनिवार-रविवार मॅच. पीएचडीतून सवड काढून मी त्यांच्याकडे गेलो की माझाही रविवार त्या गारठ्यात जायचा. एका सीझनच्या सुरुवातीला क्लबने पालकांना सांगितलं, की घड्याळ सांभाळायला परीक्षा पास झालेलं माणूस मिळालं नाही, तर आपल्या हॉलमध्ये मॅच घेता येणार नाहीत. सगळे पालक खाली बघत बसले आणि वहिनींनी हात वर केला. तेव्हा त्यांचं जर्मन बेकरीत ब्रेड मागण्यापुरतं होतं. "भाऊजी, तुम्ही मला पेनल्ट्या विचारा, कुठल्या चुकीला किती मिनिटं बाहेर ते मी सांगते," म्हणायच्या, आणि भाजी चिरता चिरता पाठांतर चालायचं. पास झाल्या. दुसऱ्या प्रयत्नात, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या.

ऋचा तेरा वर्षांची होती तेव्हाची ती सीझनची शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी आमची टीम गटात पहिली येणार होती, पण एका गोलने मागे होती. अगदी शेवटी ऋचाने दोघांना चुकवून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, मारला. तो जाळ्यात गेला आणि भोंगा वाजला... सगळा हॉल उभा राहिला. रेफरी घड्याळाच्या टेबलापाशी, वहिनींकडे आला. "फ्राऊ देवधर, आधी काय झालं? गोल की वेळ संपली?" मी मागेच उभा होतो. वहिनी मुलीकडे वळल्यासुद्धा नाहीत. "आधी वेळ संपली," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "पक अजून रेषेच्या बाहेर होता." गोल धरला गेला नाही. आम्ही दुसरे आलो.

गाडीत ऋचा खिडकीबाहेर बघत होती. शेवटी जर्मनमध्येच म्हणाली, "तू माझी आई आहेस की त्यांची?"

"टेबलावर बसले की कुणाचीच नाही गं," वहिनी मराठीत म्हणाल्या.

चार दिवस अबोला. मनातून मीही ऋचाच्याच बाजूचा होतो, ते आता कबूल करतो. पण पुढच्या सीझनला बाहेरगावचे कोच आले, की आधी टेबलाकडे बघायचे आणि वहिनी दिसल्या की निर्धास्त व्हायचे. त्यातला एक दादाला म्हणाला, "तुमची बायको असली की मी घड्याळ तपासत नाही." दादाने हे घरी सांगितलं, तेव्हा वहिनी पोळी लाटत नुसतं "बरं" म्हणाल्या. ऋचा ऐकत होती. त्या रविवारी मॅचआधी ती टेबलापाशी गेली, आईच्या खांद्यावर ग्लोव्ह हलकेच आपटला आणि बर्फावर उतरली. त्या दोघींपैकी कुणाचा अभिमान जास्त वाटतो, ते मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या रविवारी मी झिंडेलफिंगेनला गेलो होतो. सतरा वर्षांच्या ऋचाने वहिनींचं नियमांचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. पानोपानी पेन्सिलीने मराठीत टिपणं... तिला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने बोट ठेवलं. "काका, इथे माझं नाव आहे ना? तेवढं ओळखलं मी."

मी वाचून दाखवलं. "ऋचाचा गोल. धरता आला नाही. पण असा गोल मी अख्ख्या सीझनमध्ये पाहिला नाही."

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.