पार्वताबायचा राब

आधी नाव लिहिते. पार्वताबाय. टोकावड्याच्या अलीकडे ओढ्यापल्याडच्या पाड्यावर राहते. भाताची थोडी जमीन, दोन शेळ्या, कमरेला कायम कोयता. मी आज हे लिहायला जिवंत आहे ती तिच्यामुळे. काय झालं ते मागाहून सांगते. नाव आधी, कारण ते कागदावर भलत्याच जागी लिहिलं जाणार होतं.

आता पाण्याचं.

एप्रिल सरत आला होता. मी तिथे एका पोल्ट्रीवर कामाला होते. दोन शेड, भोवती तारेची जाळी, मागे डोंगर. त्या दिवसांत दुपारी पत्र्याखाली उभं राहिलं की टाळू भाजायची. पक्षी चोची उघड्या टाकून धापा टाकत पडलेले असायचे. त्यांच्यासाठी टाकीत गूळ आणि पावडर कालवलेलं गार पाणी. माझा पिण्याचा पिंप बाहेर उन्हात, आणि टँकर आला नव्हता म्हणून तोही तळाला गेलेला. मला चक्कर आली. मी पक्ष्यांच्या टाकीतून तांब्या भरला आणि तोंडाला लावला.

मागे शेठ उभा. सोबत कल्याणचे दोन पाहुणे, शेड बघायला आलेले.

"काय पितेस?"

"पाणी, शेठ."

"ते पक्ष्यांचं आहे. औषध मोजून टाकलंय त्यात. ओत परत."

"उष्टं झालंय."

तो पाहुण्यांकडे बघून हसला. "कोंबड्यांना चालतं. ओत."

मी ओतलं. वर म्हटलं, "हो शेठ." त्या पाण्याची चव मला आठवत नाही. ते "हो शेठ" आठवतं. कुणी मागितलं नव्हतं ते.

पण त्याचे उपकार होते माझ्यावर, हेही लिहिलं पाहिजे. माझं गाव लांब, परभणीकडे. सहावीत शाळा सुटली, पुढे नवरा गेला. मामेभावानं इथं आणून सोडलं तेव्हा अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. शेठनं खोली दिली. आईकडे ठेवलेल्या माझ्या मुलीसाठी एकदा दप्तर पाठवलं. ते दप्तर माझ्या मनात कायम असायचं. तो काही बोलला की मला दप्तर दिसायचं आणि जीभ आत जायची.

जोडीला एक बाई होती, ती उन्हाळ्याआधीच पळाली. मग शेठ गेटला बाहेरून कुलूप लावून जायला लागला. पक्षी चोरीला जातात, म्हणाला. खाद्याची गाडी यायची तेव्हा गेट उघडायचं. बाकी दिवस मी आणि पक्षी, दोघं आतच.

पार्वताबायचं शेत जाळीला लागूनच. पूर्वेला. तिथे ती राब रचत होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप जिथं करायचं ती जमीन पावसाआधी भाजून घेतात. शेण, त्यावर जंगलातून डोक्यावर आणलेल्या पाल्याच्या फांद्या, त्यावर गवत, वरून माती. असा थर लावायचा आणि मग पेटवायचा. मला वाटायचं, काडी लावली की झालं. एकदा जाळीतून विचारलं, "रचून आठ दिवस झाले, पेटवत का नाय?"

"वारा बघतंय ना गो," ती म्हणाली. "यंदाचं ऊन बघ कसं हाय. गवत बोटानं मोडतंय. पाटंचं दव नाय, वारा निजत नाय. असल्या दिसांत काडी काढली तर ती आपली राहात नाय."

तिनं राबाच्या पलीकडची हातभर रुंद पट्टी झाडून झाडून चकचकीत केली होती. आग पुढे जाऊ नये म्हणून. मला म्हणाली, "तुमच्या जाळीबाहेरचं गवत तरी काढायला सांग शेठला." मी शेठला सांगितलं. तो म्हणाला, "आता तू मला पोल्ट्री शिकवणार?"

मग ती दुपार.

उन्हानं सकाळपासून पक्षी पटापट मरत होते. मरतूक, म्हणजे मेलेले पक्षी, एरवी मागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरायची. पण खड्डा भरला होता आणि जमीन अशी वाळली होती की कुदळ टणकन वर यायची. दोन वाजता शेठचा फोन आला.

"संध्याकाळी डॉक्टर येणारे बघायला. वास नको. जाळून टाक."

"शेठ, वारा लई सुटलाय. संध्याकाळी लावते. पार्वताबाय म्हणते..."

"पगार पार्वताबाय देते का तुला? डिझेल आहे ना? जाळ."

"हो शेठ."

काडी मी लावली. हे पुढे कुणी विसरू नये म्हणून इथे सरळ लिहिते. मी लावली.

पिसं पेटली की हलकी होतात. वाऱ्यानं एक जळतं पीस उचललं आणि जाळीबाहेर टाकलं. मी घमेल्यानं माती मारत होते, माझ्या डोळ्यांदेखत ते गेलं. गवतानं आवाज केला, कागद फाडावा तसा. मग आग डोंगराला चढली आणि दुसऱ्या अंगानं जाळीजाळीनं गेटकडे धावली. खड्ड्यामागून ती आत शिरली, शेडखालच्या भाताच्या तुसाला लागली. मी गेटला गेले. कुलूप. दोन्ही हातांनी हलवलं. लोखंड इतकं तापलेलं की तळवे चिकटले. शेठला फोन लावला, तो उचलेना. आत पक्षी ओरडत होते. मीही तशीच ओरडत होते. तेव्हा मला कळलं, त्या कुलपाला मी आणि पक्षी सारखेच होतो.

"हिकडं ये गो, हिकडं!"

पार्वताबाय तिच्या राबात उभी होती. मला दिसलं, तिनं कमरेची काडेपेटी काढली आणि आपल्याच राबाला काडी लावली. एक टोक, मग दुसरं. मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण वारा माझ्याकडून तिच्याकडे होता. राब भडभड जळत तिच्या झाडलेल्या पट्टीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. जाळीला लागून काळी जमीन उरली. आगीला खायला तिथं काही उरलं नव्हतं. मग तिनं कोयत्यानं जाळीच्या खालच्या तारा तोडल्या, जाळी वर धरली.

"वाक. उभी राहू नको. पदर तोंडात धर."

मी सरपटत बाहेर आले. गुडघे आणि कोपरं भाजली. ती मला त्या काळ्या जमिनीवर दाबून बसली, वरून ओलं गोणपाट. मागे शेडचे पत्रे तडतडत कोसळले. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. पक्षी होते."

आग विझल्यावर वारा तसाच. तिच्या राबाची राख उडून ओढ्यापार गेली. वाऱ्यात भडभड जळून गेलेला राब, जमीन भाजलीच नाही. फाल्गुनापासून डोक्यावरून आणलेला पाला होता तो. एका बाईसाठी अर्ध्या घटकेत गेला.

तिसऱ्या दिवशी शेठ पाड्यावर आला, मी तिच्याकडेच होते. मला गाडीत बसवलं. पहिल्यांदाच. आत एसी. त्यानं गार पाण्याची सीलबंद बाटली दिली, झाकण स्वतः फोडून. मी घटाघटा प्यायले.

"फॉरेस्टवाले जबाब घेणार. डोंगर जळलाय, मोठी केस आहे," तो हळू बोलला. "काडी तू लावलीस. तुझं नाव आलं तर तुझ्या पोरीचं काय? त्या बाईनं राब पेटवला, हे तू पाहिलंस की नाही?"

"पाहिलं."

"बस. तेवढंच बोल. खोटं बोल असं मी म्हणतच नाही."

जाळीलगतची तिची ती जमीन त्याला रस्त्यासाठी हवी होती, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. मलाही. तरी मी म्हटलं, "हो शेठ."

जळक्या शेडपुढे खुर्ची टाकून फॉरेस्टचा गार्ड बसला होता. पाड्यावरची माणसं उन्हात उभी. पार्वताबाय उकिडवी, कोयता पुढ्यात. गार्डनं आधीच लिहिलेलं वाचलं. "पार्वताबाई हिला राबास आग लावताना मी प्रत्यक्ष पाहिले." मग मला विचारलं, "बरोबर?"

"बरोबर."

पार्वताबायनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला ओळखायचा प्रयत्न करत असल्यासारखं. मग मान खाली घातली. शेठनं पेन माझ्या हातात दिलं.

माझे तळवे कुलपानं सोलले होते. पेन धरताना ते चरचरले.

"पण हे पहिलं वाक्य नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?" गार्ड.

"याच्या आधीचं राहिलंय. दोन वाजता मी मेलेले पक्षी पेटवले. शेठनं फोनवर सांगितलं म्हणून. गेटला बाहेरून कुलूप होतं. त्यानंतर हिनं राब पेटवला, मला काढायला. हे वाक्य चौथं आहे, साहेब. ते एकटं लिहू नका."

शेठ हसला, पाहुण्यांपुढे हसला होता तसाच. "उन्हानं डोकं गेलंय तिचं. सहावी पण धड झालेली नाही."

"सहावीत लिहायला शिकवतात," मी म्हटलं. कागद मागितला. फोनमधला त्याचा दोन वाजताचा कॉल गार्डपुढे ठेवला. आणि चारही वाक्यं माझ्या हातानं लिहिली. वेलांट्या चुकल्या असतील. क्रम चुकला नाही.

शेठ जवळ येऊन एवढंच म्हणाला, "दप्तर विसरलीस."

मी "हो शेठ" म्हटलं नाही.

आता मी आसनगावला एका खानावळीत भाकऱ्या थापते. केस चालू आहे. काडी लावणारी म्हणून माझं नाव वर आहे, शेठचं खाली, आणि त्याला वकील आहे. तारखेला बोलावतात तेव्हा जाते. मुलगी फोनवर विचारते, आई, तुला नेतील का? मी म्हणते, माहीत नाही. घरी पळून जाता येईल. जाणार नाही. जबाब बदलणार नाही. ज्या जागेची चावी माझ्या हाताशी नाही त्या जागेत कामाला राहणार नाही.

यंदा पार्वताबायचं रोप विरळ आलं. मी बघून आले. ती म्हणाली, "येतंय, नाय येतंय. तू जेवलीस का?"

फाल्गुनात मी तिच्याकडे जाणार आहे. डोंगरातून पाला माझ्या डोक्यावरून आणीन, शेण घालीन, थर लावीन, वरून माती. एका वर्षात फिटलं नाही तर पुढच्या वर्षी जाईन, त्याच्याही पुढच्या. आणि ती वारा बघून सांगेल तेव्हाच काडी लावीन.