फडकं ओलं होतं

गेल्या मे महिन्यात एका दुपारी मी जेवण अर्धं टाकून गच्चीवर गेलो. लिफ्ट बंद होती, म्हणून चार मजले चढून. माझं वय अठ्ठ्याहत्तर. बायको जिन्यात येऊन ओरडत होती, "अहो, पोळी तरी संपवा, आकाश कुठे पळून जाणार आहे?" आकाश पळत नव्हतं. त्यातली वाफ पळत होती, आणि तिला पळताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, एका संशोधन संस्थेने पालथ्या वाटीसारखं पांढरं यंत्र बसवलंय. परवानगीच्या सभेत एका सभासदाने "याने केस गळतात का?" असं विचारलं होतं. त्यांना गळण्यासारखे उरले नव्हते, पण मी गप्प बसलो, कारण यंत्र मला हवं होतं. उपग्रहांचे संदेश हवेतून खाली येताना वाफेमुळे किंचित रेंगाळतात. किती रेंगाळले ते हे यंत्र मोजतं. त्यावरून कळतं की या क्षणी तुमच्या डोक्यावरच्या अख्ख्या हवेतली वाफ पिळून काढली तर किती मिलिमीटर पाणी साचेल. आणि हे दर काही मिनिटांनी! मी हवामानाच्या नोकरीत आयुष्य काढलं. आम्ही दिवसातून दोनदा मोजमापाचा फुगा आकाशात सोडायचो. मधल्या तासांत वर काय चाललंय ते वरच्यालाच ठाऊक. उन्हाळ्यातलं वादळ मात्र नेमकं त्या मधल्या तासांत शिजतं.

त्या दुपारी यंत्राची देखभाल करणारी संशोधक टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. सकाळी आकडा एकवीस होता. आता पस्तीस. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, एक ढग नाही.

"काका, ऊन लागेल तुम्हाला."

"लागू दे. किती झाला?"

"छत्तीस. अहो, स्क्रीनवर बोट नका लावू!"

तिने एक वाजता अंदाज देणाऱ्यांना कळवलं. दोनला लोकांच्या फोनवर इशारा आला. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया अडीचला उचलल्या. चारला गारा पडल्या. मी त्या पोरीचा हात धरून अक्षरशः उड्या मारल्या. "उचलल्या! कुरडया उचलल्या त्यांनी!" एवढंच ओरडत होतो. ती हसत होती. टाकीच्या आडोशाला आम्ही दोघंही चिंब.

आणि तिथेच माझे पाय थांबले. कारण अशी चढती वाफ मी पूर्वी एकदा कागदावर पाहिली होती, आणि माझ्याच हाताने खोडली होती.

ते आता सांगतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी इथल्याच एका वेधशाळेत निरीक्षकांवर देखरेख करत असे. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत दोन तापमापी असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याचे धागे पाण्याच्या बुधलीत सोडलेले. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि दुसरा आकडा पहिल्याच्या खूप खाली जातो. हवेत वाफ असेल तर दोन आकडे जवळ येतात. पण फडकं सुकलं असलं तरीही आकडे जवळच येतात. म्हणून ओला आकडा अचानक चढला की आमच्या धंद्यात पहिला संशय आभाळावर जात नाही, फडक्यावर जातो. म्हणजेच ते भिजवणाऱ्या माणसावर.

माझ्या हाताखाली एक निरीक्षक होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बौद्ध कुटुंबातले, घरातले विज्ञान शिकलेले पहिले. अक्षर मोत्यासारखं. मी त्यांना "अरे" म्हणायचो, ते मला "साहेब". त्यांच्या बरोबरीच्या इतरांना मी "अहो" म्हणत होतो. त्यांच्या नोंदींकडे आमच्या खोलीत जरा जास्तच बारकाईने पाहिलं जायचं, आणि त्याचं कारण हवामानशास्त्रात सापडलं नसतं. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात असल्या गोष्टी कोणी बोलत नसे. बोलायची गरज नव्हती.

मे महिन्यातल्या एका दिवशी ते बाराची नोंद घेऊन आले. कोरडा अडतीस, ओला सव्वीस. अकरालाही ओला पंचवीस. एरवी त्या दिवसांत तो वीस-एकवीस असे.

मी म्हणालो, "कोकण उचलून पुण्यात आणलंस की काय रे?" खोली हसली.

"साहेब, फडकं सकाळीच तपासलंय. बुधली भरलेली आहे. हवाच बदललीय. बाहेर येऊन तरी बघा."

मी बाहेर गेलो नाही. अकरा आणि बाराच्या दोन्ही ओल्या आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, वर एकवीस लिहिलं, आणि शेऱ्यात लिहिलं: "फडकं कोरडं. निरीक्षकाची हयगय." दुरुस्त आकडे अंदाज देणाऱ्या टेबलाकडे गेले. ते कोरडे आकडे पाहून तिथे वादळाचा विचारही कोणी केला नसणार.

मग मी पेटीपाशी गेलो. का गेलो कोण जाणे. बहुधा स्वतःला बरोबर ठरवायला. झडप उघडली आणि फडक्याला बोट लावलं. फडक्याला बोट लावायचं नसतं हे पहिल्या दिवशी शिकवतात, कारण बोटाचं तेल लागलं की मलमल पाणी नीट ओढत नाही. मी लावलं. फडकं ओलं होतं. गार, टिपूस सुटेल इतकं ओलं.

आता बोट लागलेलं फडकं बदलणं भाग होतं. मी ते काढून नवं बांधलं आणि जुनं पुसण्यांच्या टोपलीत टाकलं. साडेचारला गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी वरून विचारणा झाली की इशारा का गेला नाही. सगळ्यांनी पेटीत पाहिलं: फडकं नवंकोरं. म्हणजे आधीचं खराब असणारच! माझ्या शेऱ्याला माझ्याच बोटाने पुरावा मिळाला. मी तोंड उघडलं नाही. त्या निरीक्षकांकडून स्पष्टीकरण मागवलं गेलं, गोपनीय अहवालात नोंद झाली आणि त्यांची बदली भांडारात झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. निरीक्षण त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. घेऊ दिलं गेलं नाही.

गच्चीवर भिजलेल्या कपड्यांनी मी हे सगळं त्या संशोधक मुलीला सांगितलं. वादळाआधी वाफ किती वेळ आधी चढते हे पाहण्यासाठी ती जुन्या नोंदवह्या संगणकावर घालत होती. तिने तारीख शोधली.

"हे पान मी बाद केलंय, काका. शेऱ्यामुळे."

"आत घे ते. आमच्याकडे रबर लावायची मुभा नव्हती, रेघेखालचे आकडे दिसत असतील."

"दिसतायत. पण नुसतं तुम्ही सांगताय म्हणून नाही घेता येणार. लिहून द्या. आणि ज्यांनी नोंद घेतली ते आहेत का?"

होते. कात्रजला. मला पत्ता माहीत होता. निवृत्तांच्या यादीत मी तो दरवर्षी वाचत असे.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा होतो. हातात पत्र आणि गच्चीवरच्या त्या दुपारचा आलेख. दार त्यांनीच उघडलं.

"अहो, ओळखलंत का?" मी म्हणालो.

"ओळखलं. पण आज अहो? तब्येत बरी आहे ना?"

बसायला सांगितलं. मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"'अनवधानाने' खोडा," ते म्हणाले.

"काय?"

"अनवधानाने घडलं असं लिहिलंय तुम्ही. फडकं ओलं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला कधी कळलं?"

"पाच-दहा मिनिटांनी. बोट लावून पाहिलं, आणि मग फडकं बदललं."

"मग त्यात अनवधान कुठे आलं? बोट लावलंत ते लिहा. बदललंत तेही लिहा."

मी तिथेच बसून पत्र पुन्हा लिहिलं. त्यांनी त्यांच्या मुलीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आता मोठ्याने वाचा." मी वाचलं. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे बाबा सांगत होते ते खरं होतं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "ऐकू नाही आलं." मी पुन्हा हो म्हणालो.

"आणि एक," ते म्हणाले. "मी माफ केलं असं कुठे लिहू नका. मी तसं म्हणालेलो नाही."

लिहीत नाही. ते तसं म्हणालेले नाहीत.

पण उठताना त्यांची नजर आलेखावर पडली आणि मी जन्मभर विसरणार नाही असं काहीतरी झालं. त्यांनी तो माझ्या हातातून ओढून खिडकीशी नेला. "चढायला किती वाजता लागला? साडेदहा? तरीच! मलाही त्या दिवशी अकराला पेटी उघडताना हवा जड लागली होती. आणि हा मधला सपाट तुकडा कसला? वारा पडला होता का?" पुढचा तासभर आम्ही दोन म्हातारे खिडकीशी भांडत होतो. मुलीने दोनदा चहा आणला. वारा पडला होता हे त्यांचं म्हणणं मी शेवटी मान्य केलं.

निघताना त्यांनी अट घातली. निवृत्तांची महिन्याची सभा असते. ज्यांच्यासमोर ते हयगय करणारे ठरले त्यांतले जे उरलेत ते तिथे येतात. तिथे सगळं सांगायचं. "मी येईन. ऐकायला."

मी सांगितलं. सभेआधी त्या संशोधक मुलीचा फोन आला होता: पान आत घेतलं, निरीक्षकाच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव घातलं, आणि त्या जुन्या दिवशी वाफेची चढण गारांच्या पाच तासांहून जास्त आधी सुरू झाली होती, आमच्या गच्चीवरच्या दिवसासारखीच! हे सांगताना मला भीतीपेक्षा आनंदच जास्त होत होता, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती. ते पहिल्या रांगेत बसले होते. मी "सुमारे साडेचारला गारा" म्हणालो, तर मोठ्याने म्हणाले, "चार बावीस!"

मागून कोणीतरी विचारलं, "मग त्या दिवशी इशारा देता आला असता का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर ते उठून फळ्यापाशी पोचलेही होते.

"आला असता," ते म्हणाले. "आकडे होते."

मग खडू घेऊन त्यांनी दोन रेषा काढल्या, कोरड्याची आणि ओल्याची, आणि त्या कुठे जवळ आल्या ते दाखवायला लागले. प्रश्नांवर प्रश्न आले. पूर्वी ज्यांनी हसून माझी री ओढली होती तेच वह्या काढून आकडे उतरवून घेत होते. मला राहवेना, उपग्रहाच्या संदेशाबद्दल एक मुद्दा मी मध्येच सांगायला गेलो.

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तुमचं झालं ना बोलून?" म्हणाले. "बसा आता."

मी बसलो.