पाय काढू नका

मी जात्याच संशयी बाई. भाजीवालीचा तराजू न्याहाळते, एका डॉक्टरांचं औषध दुसऱ्यांना विचारून घेते. ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी नवस बोलले, तोही हातचं राखूनच. हे बरे होऊन घरी आले, तरी तिरुवैयारूच्या महादेवाला जायचं मी लांबवत राहिले. देवाने केलं की डॉक्टरांनी, हेच मला ठरवता येईना.

शेवटी एका सकाळी तंजावूरहून गाडी काढली. कालव्यावरच्या पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला. शेजारी हे, छातीवरची जखम नुकती भरलेली. गियर उतरवत, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी पुलाखाली सपाटीवर गाडी उभी केली. पुढच्या चाकामागे ब्रेक ऑइल ठिबकत होतं.

तेवढ्यात मोपेडवरून एक माणूस येऊन थांबला. मेकॅनिक म्हणे. वाकून बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाला, नळी घासून फाटलीय, टेप गुंडाळून भागायचं नाही, नवीच घालायला हवी. आणि नेमकी तशीच नळी, ऑइलचा सीलबंद डबा, सगळं त्याच्या पिशवीत! दुसऱ्या कुणाच्या गाडीसाठी नेत होतो, म्हणाला. मी ह्यांना मराठीत म्हटलं, चोर आहे मेला, ह्यानेच नळी कापून पाळत ठेवली असणार. पिढ्यान्पिढ्या तंजावूरला राहिलेल्या आम्हा लोकांची मराठी इथे अशीच कामाला येते, परक्यांसमोर हवं ते बोलायला.

त्याने ह्यांना उतरवून झाडाखाली बसवलं, चाकांना दगड लावले, जॅकने गाडी उचलून खाली भक्कम ठोकळा दिला, नळी बदलली. मग नळीतली हवा काढायला मला ब्रेक दाबून धरायला बसवलं. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही, म्हणाला, नाहीतर हवा परत आत शिरेल. पण हा तिकडे करतोय काय, ते बघायला मी वाकले आणि पाय सुटला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही मी तेच केलं.

तेव्हा चाकामागून आवाज आला, आमच्याच घरांतल्या जुन्या वळणाच्या मराठीत. “अम्मा, मला चोर म्हणा हवं तर. पण पाय काढू नका.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे मिटून ब्रेक दाबून धरला. तो म्हणेल तेव्हा धरायचा, म्हणेल तेव्हा सोडायचा. काही न बघता कुणाचं ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि जिवाला केवढं हलकं वाटलं! ऑइल भरून, कुठे गळत नाही ना ते तपासून, त्याने आधी एकट्यानेच गाडी हळू चालवून चारदा ब्रेक लावून बघितला. मगच ह्यांना आत बसू दिलं. मी हात जोडले, तर म्हणाला, ब्रेक आता नीट लागतोय, निघा.

देवळात मला मागायला काही सुचेना, नुसतं रडू येत होतं. तो कोण होता, कुणी धाडला, ह्याचा शोध मी घेतला नाही. ह्यांना घेऊन सुखरूप पोचले, एवढं पुरे. ज्याने पोचवलं त्याला मी चोर म्हटलं होतं, तेही त्याच्याच मायबोलीत.