सव्वीस कुंड्या आणि शून्य कावळे

सात जून, शनिवार, सकाळचे पावणेदहा. जव्हारला तळ्याकाठच्या उंबराखाली वडिलांचा दहावा होता. खर्च गुरुजींच्या दक्षिणेसह दोन हजार तीनशे चाळीस रुपये. हजर माणसं पाच: मी, धाकटा भाऊ अनिल, मोखाड्याहून आलेली थोरली बहीण शैलाताई, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, आणि गुरुजी. हजर कावळे शून्य.

पिंडाला कावळा शिवल्याशिवाय घरी कुणी जेवणार नव्हतं. त्यात आईला साखरेचा त्रास, आणि सवयीने सकाळची गोळी घेऊन ती मोकळी झालेली. म्हणजे कावळ्याचा उशीर परवडणारा नव्हता.

मी नाशिक रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत अकरा वर्षं विक्री आणि हिशेब बघतो. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला गोडाचा वीट येतो म्हणतात. मला उलट झालं. आमच्या दुकानात जी रोपं मरायला टेकायची, ती मी पाव किमतीत घरी आणू लागलो. आई म्हणायची, “तिथं मरत होती ती बरी. इथं आणून कशाला मारतोस?” (हे चूक आहे. अकरा वर्षांत आणलेल्यांपैकी निम्मी जगली. निम्म्याहून जरा कमी.)

वडील गणिताचे मास्तर. उदाहरण चुकलं की मधल्या बोटाचं पेर डोक्यात टक्‌कन बसायचं. एक चूक, एक टपली. दोन चुका, दोन. कधी हिशेब चुकला नाही. निवृत्तीनंतर ते गॅलरीत लाकडी खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणारी कुठली एसटी किती मिनिटं उशिरा आली ते वहीत लिहायचे. एसटीने त्यांना कधी कामाशिवाय ठेवलं नाही.

घरात ऊन येतं ते फक्त त्या गॅलरीत. नऊ मार्चला मी अडेनियमच्या सव्वीस कुंड्या घरी आणल्या. जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं झाड. त्याला ऊन लागतं. मी म्हटलं, “बाबा, आठ दिवस मागच्या खोलीत बसाल? कळ्या धरेपर्यंत.” ते उठले. मागच्या खोलीत खिडकी आहे, पण तिच्यापुढे शेजाऱ्यांची भिंत आहे. त्यांची खुर्ची मात्र मी गॅलरीतच ठेवली. तिच्यावर चार कुंड्या बसत होत्या.

रोज संध्याकाळी आतून आवाज यायचा, “विनायक, किती झाले?”

“होतंच आलंय, बाबा.”

एकोणतीस मेला ते त्याच खोलीत गेले. खाट उचलली तेव्हा भिंतीवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा दिसल्या. पाच-पाचचे सोळा गठ्ठे आणि वर एक. एक्क्याऐंशी. मी नऊ मार्चपासून मोजून पाहिलं. बरोबर होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. रेघांवर कॅलेंडर लावलं.

आता कावळ्यांचं. जानेवारीत दुकानात चमकीची पट्टी विकायला आली. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी. वाऱ्यावर फडफडते, लखलखते, आणि पाखरं फिरकत नाहीत. रिळाला साठ रुपये, विकणाऱ्याला रिळामागे दोन रुपये. मी जव्हारमध्ये एक्केचाळीस रिळं विकली आणि मोखाड्याच्या आठवडी बाजारात तेवीस. एकूण चौसष्ट. रिळात पन्नास मीटर, म्हणजे तीन किलोमीटर दोनशे मीटर पट्टी मी या भागात पसरवली. शिवाय तळ्याकाठी सुट्टीच्या दिवशी आमचं रोपांचं टेबल लागायचं, आणि वरच्या उंबरावरचे कावळे रोपांवर घाण करायचे. म्हणून त्या उंबराला मी स्वतः शिडी लावून अर्धं रीळ गुंडाळलं. फुकट! (ते वरच्या आकड्यात धरलेलं नाही.)

त्याच उंबराखाली आता पिंड होता, आणि वर माझी पट्टी सळसळत होती.

मला हे दहा वाजून पाच मिनिटांनी कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण गुरुजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल. ज्याने त्याने आपलं बोला,” आणि सगळ्यांचं लक्ष वरून खाली आलं. मी गप्प बसलो.

शैलाताई पुढे झाली. “बाबा, आईची काळजी करू नका. मी महिन्यातून दोनदा येईन.”

कावळा नाही.

“चारदा येईन!”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मोखाडा-जव्हार जीपचं भाडं त्यांच्या खिशातून जातं.

अनिल हात जोडून म्हणाला, “बाबा, तंबाखू सोडली.” खिशातली पुडी काढून त्याने तळ्यात टाकली. बावीस वर्षांची सवय! माझ्या पट्टीपायी माझ्या भावाचं व्यसन सुटत होतं आणि मी खाली मान घालून दर्भाच्या काड्या मोजत होतो.

दहा चाळीसला आईचा फोन. “शिवला का रे?”

“येतोय, आई. दिसतोय लांबून,” अनिल म्हणाला. लांब एक पाणकोंबडी होती.

“असं करू,” शैलाताई म्हणाली, “जीप करून पिंड मोखाड्याला नेऊ. आमच्याकडे कावळेच कावळे!”

“होते,” भाऊजी म्हणाले. “विनायकरावांनी बाजारात ती चमकी विकली तेव्हापासून आपल्या आळीत एक दिसलेला नाही. आपल्या पपईला मीच बांधलीय.”

“कुठली चमकी?”

भाऊजींनी बोट वर केलं, आणि ते तसंच वर राहिलं. आता सगळेच वर बघायला लागले. तेवढ्यात पत्रावळींचा गठ्ठा घेऊन सोमीबाई आल्या. या आमच्या रोपवाटिकेत पाणी घालतात, राहतात साखरशेतला. त्यांनी पिंड पाहिला, झाड पाहिलं, आणि सरळ मला विचारलं:

“भाऊ, कावला कसा येल? ती चमकी तं तुमीच बांधली!”

फक्त पट्टी वाजत होती.

“तुला ठाऊक होतं?” शैलाताईने विचारलं.

“दहा पाचपासून,” मी म्हणालो. वेळेच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.

“दादा,” अनिल तळ्याकडे बघत म्हणाला, “माझी नवी पुडी होती रे.”

झाडावर कोण चढणार, यावर चर्चा झाली नाही. अनिलची कंबर धरलेली, भाऊजींचं वजन ब्याण्णव किलो. सोमीबाई म्हणाल्या, “मी चढू?” गुरुजी घाईघाईने नको म्हणाले. मग त्या मला म्हणाल्या, “पन सांभालून, भाऊ. त्या बाजूच्या निलगिरीवर पिल्लं हायत कावल्यांची. चमकीला भिऊन इकडं येत नाय, नाय तं लय मारकी!”

वय त्रेपन्न, अंगावर ओला पंचा, डोक्याचा ताजा गोटा. अशा अवस्थेत मी उंबरावर चढलो. उंबराला लाल मुंग्या असतात हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. त्या दिवशी मुंग्यांनाही मी असतो हे कळलं. बारा फुटांवर बसून मी पट्टी सोडवू लागलो. जानेवारीत गाठी फार चोख मारल्या होत्या.

अकरा पंचवीसला आईचा दुसरा फोन. तिला घाम फुटला होता. शेजारीण साखर-पाणी घेऊन बसली होती, पण ती घ्यायला तयार नव्हती. “ते उपाशी आहेत आणि मी साखर खाऊ?”

शैलाताईचा आवाज फाटला. “विनू, आता तू बोल! तुझंच काहीतरी राहिलंय. खुर्चीचं बोल!”

म्हणजे तिलाही माहीत होतं. कॅलेंडरमागे तिने पाहिलं होतं.

“खाली येऊन बोलतो.”

“वरूनच बोल! तेवढाच त्यांच्या जवळ आहेस!”

मी शेवटची गाठ सोडली. पट्टी खाली गेली आणि एकदम सगळं गप्प झालं. मग मी फांदीला धरून म्हणालो, “बाबा, एक्क्याऐंशी दिवस झाले. मी आठ म्हणालो होतो. त्र्याहत्तरची चूक आहे.” मुंग्या थांबल्या नव्हत्या. “खुर्ची आजच गॅलरीत मोकळी करतो. कुंड्या काढतो.”

“सगळ्या?” खालून शैलाताई.

“चोवीस.”

“किती आहेत?”

“सव्वीस. दोन ठेवतो. त्या कळ्यांवर आहेत!”

टक्!

गोट्याच्या बरोबर मधोमध. काय झालं ते कळायच्या आत काळं काहीतरी वळलं आणि पुन्हा टक्! दोन ठेवतो म्हणालो होतो, दोन टपल्या बसल्या. चाळीस वर्षांनी तीच जागा, तेच पेर.

“सगळ्या काढतो!” मी ओरडलो आणि घसरत खाली आलो. पंचा वरच्या फांदीवरच राहिला. आत बर्म्युडा होती म्हणून लिहितोय.

सगळे माझं डोकं बघायला धावले. रक्त कानामागून येत होतं. मग गुरुजींनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, पिंड?”

पिंड अर्धा गेला होता.

“कुत्र्याने नाही ना?” भाऊजींनी विचारलं.

“कुत्रं तं तुमच्या चपलंवर झोपलंय,” सोमीबाई म्हणाल्या. “दुसरा कावला आला, खाल्लन, गेला. मी बघलं. तुमी समदे भाऊलाच बघत व्हते.”

शैलाताईने फोन लावला. “आई, शिवला. तू साखर घे.”

“नक्की पिंडाला ना?”

“पिंडालाही. आधी विनूला. डोक्यात, दोनदा.”

मग आई म्हणाली, “बरं. वाढायला घेते,” आणि त्या दहा दिवसांत पहिल्यांदा ती हसल्यासारखी वाटली. रडली असेलही. फोनवर कळत नाही.

सव्वीस कुंड्या दुसऱ्याच दिवशी दुकानात परत गेल्या. शेठनी पाव किमतीच्या निम्मे दिले. खुर्ची गॅलरीत आहे. कुंड्यांच्या वजनाने तिचा एक पाय निखळला होता. मागच्या खोलीत आता मी झोपतो. कॅलेंडर काढून टाकलंय.

अंतिम देणी अशी: धनुर्वाताचं इंजेक्शन आणि मलमपट्टी, डॉक्टरांना एकशे ऐंशी. खुर्चीचा पाय, सुताराला दोनशे. तंबाखूची पुडी, अनिलला वीस (त्याने मागितले). पट्टीच्या विक्रीवर मिळालेले एकशे अठ्ठावीस रुपये घरात ठेवावेसे वाटेनात, म्हणून त्यांची शेव आणली. ती रोज सकाळी थोडी थोडी खुर्चीच्या हातावर ठेवतो. एक कावळा येतो, खुर्चीवर बसून खातो आणि एसटी जाईपर्यंत हलत नाही. शेव ठेवायला जाताना मी हेल्मेट घालतो. ते जुनंच आहे, त्याचे पैसे धरलेले नाहीत.