हौदवाल्यांच्या पाळकाची बायको

ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांचे उघडे जबडे बघायचे, लाळ ओढणारी नळी धरायची, डॉक्टर मागतील ते हत्यार त्यांच्या हातात ठेवायचं. संध्याकाळी घरी आली की नवऱ्याचा उघडा जबडा. फरक इतकाच, की दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या माणसाला बोलता येत नाही आणि घरातल्याला थांबता येत नाही. गल्लीत तिला 'दातवाली' म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

नवरा पूर्वी न्हाणीघराच्या सामानाच्या दुकानात विक्रेता होता. नळ, शॉवर, टाइल्स, टब. त्या कामात तो बरा होता; एक नळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात दोन मारायचा. मग एका रविवारी त्याला देवाची हाक आली. इतकी माणसं सोडून देवाने नेमकं यालाच का बोलवावं, हे कोडं तिला काही सुटलं नाही. पण देवाच्या कारभारात आपण कोण नाक खुपसणार, म्हणून ती गप्प बसली. दुकान सुटलं, स्वारी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात दाखल झाली आणि घर हिच्या पगारावर आलं.

पहिली दोन वर्षं ठीक गेली. शास्त्र होतं, जुन्या भाषा होत्या, उपदेश कसा द्यायचा ते होतं. त्यातलं फारसं काही डोक्यात शिरत नसल्यामुळे तो नम्र होता. तिसऱ्या वर्षी 'आपल्या पंथाचा इतिहास आणि ओळख' हा विषय लागला आणि स्वारीला शिंगं फुटली.

आता हा पंथ काय, ते सांगायला हवं. या लोकांचं म्हणणं असं, की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. माणसाने कळत्या वयात, आपल्या तोंडाने, आपला विश्वास सांगायचा आणि मग पूर्ण पाण्याखाली जायचं. यासाठी त्यांचे पूर्वज तुरुंगात गेले, देशोधडीला लागले. इथवर तिलाही आदर होता. पण पुढे त्याच पूर्वजांची नातवंडं भांडली, की पाणी नदीचं हवं की हौदाचं चालेल. झाले दोन तट. मग हौदवाले आपसात भांडले, की हौदातलं पाणी कोमट केलं तर चालतं का. कोमटवाले रस्त्याच्या पलीकडे गेले आणि त्यांनी तिथे वेगळं उपासनागृह बांधलं. आजही दोन्हीकडची माणसं रविवारी एकमेकांकडे पाठ करून दारांना कुलपं लावतात.

नवरा गारवाल्या हौदवाल्यांपैकी. जेवताना तो हे सगळं घास हातात धरून सांगे.

"अहो, पण माणसं तुरुंगात गेली ती पाणी गार की कोमट यासाठी?" तिने एकदा विचारलं.

"अगं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"गिझर विकत होतात तेव्हा हे तत्त्व कुठे होतं?"

त्यावर स्वारीने पाणी प्यायलं आणि विषय पूर्वजांवर नेला.

हा विषय शिकवणारे मास्तर म्हणजे एक वल्लीच. पंथाचा इतिहास लिहिणारे तेच, विद्यार्थ्यांना तो विकत घ्यायला लावणारे तेच आणि परीक्षेत त्यावर प्रश्न काढणारेही तेच. बाहेरच्या जगात त्या पुस्तकाला कुत्रं विचारत नव्हतं. बाकीच्या सगळ्या पंथांना मिळून त्यात एक प्रकरण होतं आणि तेही त्यांच्या चुकांवर. नवरा या मास्तरांसारखं बोलायला लागला, त्यांच्यासारखा घसा खाकरायला लागला, आणि हळूहळू घरातल्या माणसांकडेही मास्तरांच्या चष्म्यातून बघायला लागला.

घरातली माणसं म्हणजे ती आणि मागच्या खोलीत राहणारे तिचे बाबा. बाबा निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू, पण दुसऱ्या पंथाचे. त्यांच्याकडे बाळांच्या कपाळावर पाणी शिंपडतात, म्हणून हौदवाले त्यांना 'थेंबवाले' म्हणत. लग्नाच्या वेळी हे कुणाला खटकलं नव्हतं. बाबांच्याच उपासनागृहात, बाबांच्याच हाताने लग्न लागलं होतं आणि नवऱ्याने खाली वाकून त्यांचा आशीर्वाद घेतला होता.

आणि एका सकाळी चहा पिता पिता स्वारी म्हणाली, "तसं पाहिलं तर तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही."

बाबा समोरच बसले होते.

तिच्या जन्मानंतर तिची आई अंथरुणावरून उठलीच नाही. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा आईने हट्ट धरला, की मुलीचा बाप्तिस्मा मला बघायचाय. बाबांनी हॉस्पिटलातल्या मगमध्ये पाणी घेतलं. दोन उशा लावून आईला बसवलं, मूल तिच्या मांडीवर दिलं आणि बोटं भिजवून बाळाच्या कपाळावर ठेवली. त्याच आठवड्यात आई गेली. आईबरोबरची तिची एवढी एकच गोष्ट होती. लहानपणी ती बाबांना ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची आणि तेही न कंटाळता सांगायचे.

"बाळाला काय कळतं?" नवरा बिस्किट बुडवत म्हणाला. "विश्वास ज्याचा त्याने बोलायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने कुणी उत्तर द्यायचं नाही, मग तो बाप असो की आई. आमच्या पंथाचा गाभाच हा आहे."

बाबांनी कप खाली ठेवला. "हो, तुमच्याकडे तसंच आहे," एवढंच बोलून ते खोलीत गेले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचा राग आलाच, पण मूग गिळून उठून गेलेल्या बापाचाही आला.

परीक्षा जवळ आली तशी बाप्तिस्मा देण्याच्या सरावाला सुरुवात झाली. माणसाला पाण्यात मागे आडवं करून परत उभं करणं हे कसबाचं काम आहे. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर तो तिला उभं करायचा, हात छातीवर घ्यायला लावायचा आणि मानेमागे हात देऊन मागे झुकवायचा. अंगापिंडाने ती त्याच्याहून भरलेली. पहिल्याच दिवशी होऊ घातलेले पाळक आणि त्यांची बायको दोघंही टीपॉयवर आपटले. "पाण्यात वजन कमी लागतं," तो कंबर चोळत म्हणाला. ज्या माणसाला आपलं वजन पेलवत नाही तो उपासनागृहाच्या अख्ख्या मंडळीचं काय पेलणार, असं तिला वाटलं आणि ती मनापासून हसली.

तो पास झाला. चांगला पास झाला. आणि एका जुन्या मंडळीकडून बोलावणं आलं, तिथले पाळक निवृत्त होत होते. हौदवाल्यांची रीत अशी, की पाळक वरून नेमला जात नाही. मंडळी त्याला समोर उभं करते, वाटेल त्या सभासदाने वाटेल ते विचारायचं आणि शेवटी ज्यांना तो पसंत आहे त्यांनी उठून उभं राहायचं. सभासद नसलेल्यांना शेवटच्या बाकावर बसता येतं, पण तोंड उघडता येत नाही. ती शेवटच्या बाकावर बसली.

पाहुणे म्हणून मास्तरही आले होते. नवऱ्याने सगळी सनावळी घडाघडा म्हणून दाखवली. नदीवाले कुठे चुकले, कोमटवाले कुठे घसरले, सगळं. बायका कौतुकाने माना डोलवत होत्या. तिला त्या हॉलमध्ये आणि नळाच्या दुकानात फारसा फरक दिसेना.

मग मंडळीचे खजिनदार उठले. फर्निचरचे मोठे व्यापारी. "सगळं उत्तम," ते म्हणाले. "पण तुमची मिसेस थेंबवाल्यांची, असं कानावर आलंय. पाळकाची बायको बाप्तिस्म्यावाचून चालत नाही, हा आमचा नियम आहे. त्यांचं काय?"

नवऱ्याच्या डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. "ती तयार आहे," तो म्हणाला. "माझ्या हातून पहिला बाप्तिस्मा तिचाच होईल."

हॉलभर समाधान पसरलं. ती ताडकन उठली, तशी शेजारच्या बाईने तिचा दंड धरला. "बसा बाई. तुम्हाला इथे बोलता येत नाही."

ती बसली. एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. दुसऱ्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही म्हणून ज्यांचे पूर्वज तुरुंगात सडले, ती ही माणसं. त्यांच्यादेखत एकाने दुसरीच्या वतीने उत्तर दिलं होतं आणि एकाच्याही टाळक्यात उजेड पडला नव्हता. ज्यांनी जन्मभर हेच शिकवलं ते मास्तर तर हसून मान डोलवत होते. मग सगळी मंडळी उभी राहिली आणि नवरा पसंत झाला.

"मला विचारलंत?" घराचं दार लावता लावता ती म्हणाली.

"अगं, त्यात विचारायचं काय? पद मिळतंय, राहायला घर मिळतंय. एक डुबकी. दोन मिनिटांचं काम."

"आणि आईचं काय?"

"त्यांना आता काय फरक पडणार आहे?"

ती चपला काढून सरळ आत गेली. स्वारीने तो होकार धरला. बाबांनी तिला हाक मारून जवळ बसवलं आणि म्हणाले, "जा, बाळा. त्याचं चांगलं होतंय. मला काही वाईट वाटणार नाही." हे सांगताना ते भिंतीकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या पाळकपणात या माणसाला साधं खोटंही बोलता येऊ नये, याची तिला कीव आली.

बाप्तिस्म्याच्या रविवारी व्यासपीठाच्या फळ्या काढल्या होत्या. खाली हौद भरला होता, अर्थातच गार पाण्याने. नवरा पांढरा झगा घालून कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि कुडकुडत रुबाब राखायचा प्रयत्न करत होता. खजिनदार पहिल्या बाकावर, मास्तर वर खुर्चीत. बाबा शेवटच्या बाकावर येऊन बसले होते. ती झगा सावरत पायऱ्या उतरली आणि पाणी घोट्याला लागलं तिथे थांबली. या पायरीवर पाळक प्रश्न विचारतो. उत्तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर बाप्तिस्मा होत नाही.

"तू हे स्वतःच्या मनाने, कुणाच्याही दबावाशिवाय करते आहेस का?" नवऱ्याने उपदेशाच्या आवाजात विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. बिचारी घाबरली, असं वाटलं असावं. नवऱ्याने आवाज खाली आणून प्रश्न पुन्हा विचारला. त्याचे डोळे विनवत होते.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. "मला हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि माझा बाप्तिस्मा झालाय. माझ्या आईच्या मांडीवर."

खजिनदार लालबुंद होऊन उठले. "पाळकसाहेब, तुम्ही तर सांगितलंत, ती तयार आहे म्हणून!"

आता हा काय बोलणार, ते तिला तोंडपाठ होतं. हिची तब्येत बरी नाही, हिच्या मनावर ताण आलाय, पुढच्या रविवारी बघू. न चालणारे नळ त्याने अशाच गोड शब्दांत खपवले होते. ते ऐकायची तिने पूर्ण तयारी केली होती आणि त्यानंतर या माणसाला जन्मभर काडीची किंमत द्यायची नाही, हेही ठरवून झालं होतं.

नवऱ्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते.

"मी तिला विचारलं नव्हतं," नवरा म्हणाला. दात वाजत होते, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "तिच्या वतीने मीच उत्तर दिलं. मला ही जागा हवी होती."

जागा गेली, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. पाण्यात उभ्या असलेल्यालाही कळलं. खजिनदार शेजाऱ्याला विचारू लागले, की मग आता एवढं भरलेलं पाणी सोडून द्यायचं की काय.

ती पायरीवर तशीच उभी होती. तिला भयंकर राग आला. इतकी वर्षं जपलेला तिचा तिरस्कार या माणसाने एका वाक्यात काढून घेतला होता, आणि आता याला धड तुच्छही लेखता येणार नव्हतं.

"चला, वर या," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "ओठ निळे पडलेत."