हीटरच्या मोटरीवरचं झाकण

वर्ध्यात गाडीला हीटर कशाला, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. पण आंजीकडच्या एका मालगुजारांनी परत जाणाऱ्या साहेबाची जुनी विलायती गाडी घेतली होती, तिच्यात हीटर होता, आणि मालगुजारांच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे थंडीत आखडायचे. हीटरच्या पंख्याची मोटर जळली तेव्हा गाडी आमच्या गॅरेजात आली. मी तिथे मिस्त्री होतो.

नागपूरला दीक्षा घेऊन मला तेव्हा दोनेक महिने झाले होते. आता कुणापुढे मान खाली घालायची नाही, असं बायकोला छाती ठोकून सांगितलं होतं.

मोटर मिळता मिळेना. शेवटी भंगारातून मिलिटरीच्या गाडीची एक आणली. डॅशबोर्डखाली उताणा पडून, मान मोडेस्तोवर खटपट करून बसवली, तर पंखा उलटा फिरायला लागला! बॅटरीच्या तारा अदलाबदल केल्या, तरी उलटाच. पुन्हा उतरवली, खोलली, आतल्या गुंडाळीची टोकं फिरवली, तेव्हा कुठे पायाशी गरम हवा आली. सगळा दिवस गेला, पण मी जाम खूश होतो.

गाडी पोचवायला मीच गेलो. उतरलो तशी म्हातारी बाहेर आली, मागे कामवाली बाई लोटा घेऊन. लोट्यात गोमूत्र होतं.

"कोपऱ्याकोपऱ्यात शिंपड वो," म्हातारी म्हणाली. "तो खालीही लोळला असन."

सीटवर, डॅशबोर्डवर, खाली, सगळीकडे शिंपडलं. मी चार हात लांब उभा. मालगुजार दुसरीकडे बघत राहिले. मी खाली बघत किल्ली ओट्यावर ठेवली.

पंधरा दिवसांत मोटर बंद. मालगुजार आमच्या उस्तादांवर, म्हणजे गॅरेजच्या मालकावर उखडले, "तुमच्या माणसाले काम येत नाई." उस्तादांनी मला बोलावलं. "आता बिघडली तं घरीच बसजो," म्हणाले. बायकोला सातवा महिना होता.

मोटर खोलली आणि वासानंच कळलं. तांब्यावर हिरवं चढलेलं, कार्बनचे ब्रश चिकटून बसलेले. माझा विटाळ धुता धुता साल्यांनी मोटरच धुऊन काढली होती! ती तशीच नेऊन उस्तादांच्या नाकापुढे धरली.

"हुंगा. मले काम येत नाई काय?"

उस्तादांनी हुंगलं. त्यांना सगळं कळलं. "त्याईले सांगशील तं गिऱ्हाईक जाईन," ते हळू आवाजात म्हणाले. "काहीतरी जुगाड कर ना बाप्पा."

घरी बायकोला सांगितलं. ती एकदम म्हणाली, "मंग सांगा ना त्याईच्या तोंडावर!" "उद्या सांगतो," मी म्हटलं.

सकाळी मोटर साफ केली, नवे कार्बन घातले. मग ट्रकच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा कापला आणि मोटरीवर उतरता बांधला, छत्रीसारखा. हवा खालून मिळावी, वरून थेंब आत जाऊ नये. दोनदा पाणी ओतून तपासलं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं कुठलं काम केलं नसेल.

गाडी नेली. पुन्हा लोटा आला. गोमूत्र रबरावरून ओघळून खाली चटईवर टपटपलं आणि मोटर मजेत फिरत राहिली. म्हातारी आत बसली, गुडघ्यांवरचं लुगडं सारखं केलं. "आता बरं केलं पोरानं," म्हणाली. मी मान हलवली.

संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, "सांगतलं काय?"

"मोटर चालू हाये," मी म्हटलं.

ती आत निघून गेली. ती मोटर पुढे कितीतरी हिवाळे चालली. नोकरी टिकली, उस्तादांनी पाठ थोपटली. पण मी हात लावलेल्या गाडीवर त्या लोकांना पोटभर शिंपडता यावं, याची सोय मी माझ्याच हातानं करून दिली होती.