हातचे दहा टक्के

कूलरच्या नळ्यांत जसा मळ धरतो, तसे आमच्या ऑफिसात किस्से धरतात. मळ निदान ब्रशने काढता येतो!

उरणजवळच्या आमच्या शेडमध्ये हीट एक्स्चेंजर बनतात. नळ्यांच्या आतून थंड पाणी, बाहेरून गरम तेल, उष्णता तेलातून पाण्यात. नळ्या किती आणि केवढ्या लागतील, याचं गणित ऑफिसात मांडतात. मी कोटेशनवाला, म्हणजे मजा बघायला मोकळा.

सध्या सगळे किस्से तेजूच्या कूलरपाशी येतात. तेजश्री माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. दिघी बंदरात जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीचा ऑइल कूलर हे तिचं पहिलं स्वतंत्र डिझाइन. फसलं असतं तर तिला पुन्हा दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासायला बसवलं असतं. त्या कामाचं नुसतं नाव काढलं तरी तिचा चेहरा उतरायचा.

* * *

आमचे डिझाइनचे मुख्य केळकरसाहेब. माणूस सोन्यासारखा, पण हातचं राखल्याशिवाय सही करत नाही. गणित पुरं झालं की नळ्या दहा टक्के वाढवायच्या. गिऱ्हाइकाने आधीच थोडं वाढवून मागितलेलं असतं, मी कोटेशनमध्ये वाढवलेलं असतं, त्यावर साहेबांचे दहा.

एकदा असा वाढत वाढत एक एक्स्चेंजर तयार झाला आणि शेडच्या गेटातून बाहेरच पडेना. शेवटी गॅस कटरने गेटची चौकट कापली. आमचे फोरमन म्हात्रे चष्मा वर सरकवत म्हणाले, "साहेब, गेटला हातचं ठेवाचं ऱ्हायलं."

* * *

समुद्राच्या पाण्यावर चालणारा एक जुना कूलर दुरुस्तीला आला. झाकण उघडलं तर नळ्यांच्या तोंडाशी कालवंच कालवं! तेजू फोटो काढत होती, कालवांच्या थरामुळे उष्णता किती अडते याचा हिशोब बोलत होती. म्हात्रे म्हणाले, "बाय, हिशोब नंतर. तेलाचा वास येतंय म्हणून, न्हायतर कांदा चिरायला घेतला असता."

केळकरसाहेब मात्र गंभीर. "बघा तेजश्री. म्हणून हातचं ठेवायचं."

"साहेब, हातच्यामुळेच झालंय हे," तेजू म्हणाली. "नळ्या वाढवल्या की पाणी वाटलं जातं, संथ होतं. संथ पाण्यात कालवं बसतात. पाणी जोरात नेलं असतं तर बसली असती कुठे?"

साहेबांनी नळ्यांत एकदा वाकून पाहिलं आणि ते चहाला गेले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण माझी वार्षिक पगारवाढ त्यांच्याच हातात होती.

* * *

साहेबांचं हे हातचं गणितापुरतं नाही. दिघीला जायचं असलं की आगरदांड्याच्या धक्क्यावर ते इतके लवकर पोचतात की ठरलेल्या फेरीबोटीच्या आधीचीच पकडतात आणि पलीकडे दिघीला उन्हात गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात.

घर पालीला. कुठली टेस्ट पास झाली की दुसऱ्या दिवशी तिथून पेढे आणतात, तेही माणसांपेक्षा जास्तच. उरलेले वॉचमन जाधवकाकांकडे. काकांना शुगर निघाली तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "साहेब, जरा कमी टेस्ट पास होऊ द्या."

* * *

मग आलं टगबोटीचं काम. इंजिनरूममध्ये कूलरला जागा जेमतेम. साहेबांचे दहा टक्के घातले तर कूलर बसणारच नाही. तेजूने नळ्या कमी केल्या, पाण्याचा वेग वाढवला आणि कागद साहेबांसमोर ठेवले. "मळ धरतो त्यासाठी नेहमीची वाढ धरलीय. त्यावर हातचं काही नाही."

साहेबांनी पेन उघडलं. नळ्यांच्या आकड्यावर टेकवलं. मी माझ्या टेबलावरून मान लांब करून बघत होतो. पेन तिथून खाली सरकलं आणि सही झाली. आकडा तसाच! तेजू आनंदली आणि लगेच घाबरलीही, कारण आता चुकलं तर सगळं तिचंच होतं.

* * *

टेस्ट दिघीला. आम्ही उरणहून गाडीने गेलो, साहेब पालीहून परस्पर आले. इंजिनरूममध्ये जागा नव्हती, तरी सगळे आत घुसलो. इंजिन पूर्ण ताकदीने लावलं. तेलाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. चढतोच आहे! वर लाल रेघ. तेजूने रेलिंग घट्ट धरलं. म्हात्रे चष्मा काढून पुसायला लागले.

काटा मंदावला. नव्या कोऱ्या नळ्यांसाठी तेजूने जो आकडा मांडला होता, त्यावर येऊन थांबला. काटा हलला नाही. म्हात्र्यांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती कॅप्टनवर जाऊन आदळली!

वर डेकवर साहेबांनी पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढला. आम्ही घेतले, कॅप्टनने घेतला, खलाशांनी घेतले, साहेबांनी स्वतः एक घेतला. शेवटचा तेजूला. म्हात्र्यांनी बॉक्समध्ये डोकावून पाहिलं.

"साहेब, एकपन उरला न्हाय?"

"काल फोन करून बोटीवर किती माणसं ते विचारलं. मोजून आणले."

तेजूच्या हातातला पेढा तसाच राहिला. "पण साहेब, पेढे घेतले कधी?"

"सकाळी, घरून निघताना," साहेब म्हणाले आणि रिकामा बॉक्स घडी करून पिशवीत टाकला.